पंधरा वर्षांची बीएमडब्ल्यू आणि तीन लाखांची एफडी

विलेपार्ले पूर्वेच्या एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवलंय, सोबत दोन एस्टिमेटचे फोटो. वय 47, खासगी कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका, मुलगा दहावीत. 2021 साली ऑफिसातल्या निवृत्त होणाऱ्या साहेबांकडून त्यांनी साडेसात लाखांना बीएमडब्ल्यू 520डी घेतली. डिझेल, नोंदणी ऑगस्ट 2011 ची. हल्ली सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या मागच्या बाजूने खडखड येते आणि डॅशबोर्डवर दोन-तीन दिवे लागून राहतात. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी, बदलण्यासह दुरुस्तीचा सर्व्हिस सेंटरने 4 लाख 62 हजारांचा आकडा दिला, अंधेरीच्या एका खासगी गॅरेजने 2 लाख 40 हजारांचा. वाचकाला दोन्ही पटत नाहीत. 72 हजारांची हत्यारं आणि गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घ्यायचा, 1 लाख 30 हजारांचे पार्ट काही ऑनलाइन, काही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणायचे आणि सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये शनिवार-रविवारी स्वतः काम करायचं, अशी त्यांची योजना आहे. पैसे 3 लाखांच्या एफडीतून. 'करू का?' एवढाच प्रश्न.

नमस्कार. एफडी मोडू नका. बाकीचं बोलू, पण हे आधी सांगून टाकतो.

तुमचा घरखर्च महिन्याला 85 हजार आणि गृहकर्जाचा हप्ता 38 हजार. म्हणजे 1 लाख 23 हजार दरमहा लागतात. 3 लाखांची एफडी हा तुमचा अडीच महिन्यांचा श्वास आहे, आणि तुमच्याच पत्राप्रमाणे त्याशिवाय हाताशी रोख अशी काही नाही. मी तुम्हाला ती सहा महिन्यांपर्यंत वाढवा म्हणणार होतो, तुम्ही ती गिअरबॉक्सखाली ठेवायला निघालात. नोकरी गेली किंवा घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर टायमिंग चेनचं किट परत करून पैसे मिळत नाहीत.

आता तुमचा हिशेब तुमच्यासमोरच मांडतो. हत्यारं 72 हजार, पार्ट 1 लाख 30 हजार, एकूण 2 लाख 2 हजार. गॅरेज मागतोय 2 लाख 40 हजार. वाचले किती? 38 हजार. हत्यारं पुढेही कामाला येतील हे मान्य, पण त्यातला लॉकिंग किट, म्हणजे चेन बदलताना इंजिनाचे शाफ्ट जागच्या जागी धरून ठेवणारी हत्यारं, तुम्ही आयुष्यात एकदाच वापरणार. 38 हजारांसाठी जी जोखीम घेताय ती बघितल्यावर हा व्यवहार मला अजिबात पसंत नाही.

ती जोखीम नीट समजून घ्या, कारण या पत्रातला सगळा पैसा तिथेच अडकलाय. तुमच्या गाडीत बीएमडब्ल्यूचं एन47 इंजिन आहे. बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या बाजूला असते. या इंजिनात ती मागे आहे, गिअरबॉक्सच्या अंगाला. म्हणून खडखड मागून ऐकू येते, आणि म्हणूनच चेन बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो किंवा इंजिनच बाहेर काढावं लागतं. चेन आणि तिचे गाइड झिजणं हा या इंजिनाचा जगभर माहीत असलेला आजार आहे. चेन चालत्या गाडीत तुटली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग दुरुस्तीची भाषा संपून दुसरं इंजिन शोधण्याची सुरू होते. हे काम लिफ्टवर, दोन माणसांनी, गिअरबॉक्स जॅक लावून करायचं असतं. स्टिल्ट पार्किंगमध्ये, शेजारच्या गाडीला हात लागणार नाही अशा बेताने, दोन स्टँडवर गाडी चढवून नव्हे. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलंत का, हा वेगळाच विषय. एक चूक झाली, चेनचं टायमिंग एका दात्याने चुकलं, तर 38 हजारांची बचत आणि गाडी दोन्ही गेली.

तेव्हा आजपासून ती खडखड बंद होईपर्यंत गाडी चालवू नका. गॅरेजपर्यंत टोइंगने न्या.

पण घरी काहीच करू नका असं माझं म्हणणं नाही. घरच्या घरी गाडी सांभाळण्यात खरा पैसा वाचतो, फक्त जागा बरोबर निवडायला हवी. पार्ट बिघडला तर पार्टच जाईल, अशी कामं घरी करावीत. चुकलं तर इंजिन, गिअरबॉक्स किंवा माणूस जाईल, अशी नाही.

उदाहरण सर्व्हिस सेंटरने तुम्हाला दिलेल्या एस्टिमेटमध्येच आहे. 2 लाख 65 हजार चेन आणि मजुरी, 68 हजार गिअरबॉक्स ऑइल, 54 हजार इंजिन माउंट (इंजिनाला आधार देणारे रबरी भाग), 47 हजार पुढचे सस्पेन्शन आर्म. आणि शेवटची ओळ 28 हजारांची, चेसिस कंट्रोलचं मॉड्यूल. खासगी गॅरेजवाल्याने ही ओळ धरलेली नाही. तुम्ही लिहिलंय की तुम्ही लोकलने चर्चगेटला जाता आणि गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते. मला आधी बॅटरीवर संशय आहे. या गाडीची बॅटरी डिकीत असते. आठवडाभर उभ्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स थोडी थोडी वीज खात राहतात, व्होल्टेज पडतं, आणि मग स्थिरता नियंत्रण, पार्किंग ब्रेक, स्टीअरिंग असे एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकदम लागतात. स्कॅनर लावला तर तो प्रत्येक दिव्यासाठी एक कोड दाखवेल. कोड सांगतो तक्रार कुठून आली. ती का आली हे सांगत नाही. आणि इथेच हौशी माणसाचा खिसा कापला जातो: कोड बघून सेन्सर घेतला, दिवा गेला नाही, मग मॉड्यूल घेतलं, तरी गेला नाही.

हजारभर रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर लॉक करून उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता बॅटरीच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. 12.6 व्होल्ट किंवा त्याच्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 च्या खाली असेल तर चार्जर लावून पूर्ण भरा, कोड पुसा आणि मग दिवे परत येतात का बघा. नाही आले तर 28 हजार वाचले, तेही एका सकाळी. बॅटरीच बदलावी लागली तर एक ध्यानात ठेवा: या गाडीत नवी बॅटरी लावली की ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चालू राहतं आणि नवी लवकर मरते. त्यासाठी तुमच्या यादीतला 32 हजारांचा स्कॅनर लागत नाही, मोबाइलवरच्या अ‍ॅपसोबत चालणारे साधे अडॅप्टरही ते काम करतात.

एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपर, बॅटरी चार्ज ठेवणं, पावसाळ्याआधी वायपरखालच्या खोबणीतला पालापाचोळा काढून पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं, टायरची हवा आणि त्यावरची बनावटीची तारीख बघणं. एवढं स्वतः करा. गिअरबॉक्स ऑइल मात्र नाही. त्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचं तळाचं भांडं प्लॅस्टिकचं आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणजे ऑइलसोबत अख्खं भांडं बदलायचं. शिवाय ऑइलची पातळी गाडी सपाट असताना, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच मोजायची असते. सस्पेन्शन आर्मचंही तसंच: गाडी अधांतरी असताना रबरी बुशचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि मुंबईच्या खड्ड्यांत पावसाळाभरही टिकत नाही.

कुर्ल्याच्या पार्टबद्दल थोडं. दरवाज्याचा हँडल, आरसा, आतली प्लॅस्टिकची पट्टी, दिव्याची काच हे सीएसटी रोडवरून खुशाल आणा. चेन, ती ताणून धरणारा टेन्शनर, ब्रेकचं काहीही, हे वापरलेलं आणू नका. जुनी चेन काढून जुनीच चेन बसवायला गिअरबॉक्स उतरवणार असाल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं होईल.

आता मूळ प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. ही गाडी ठेवायची का?

तुमच्या आकड्यांवरून वर्षाला 5 हजार किलोमीटर होतात, गुहागरची गावाची फेरी धरून. डिझेल लिटरला साधारण 90 रुपये आणि सरासरी लिटरला 12 किलोमीटर धरली तर 37,500. विमा 28 हजार, पार्किंग 24 हजार, गेल्या तीन वर्षांची देखभाल सरासरी 1 लाख 5 हजार. वर्षाला 1 लाख 94 हजार 500, म्हणजे किलोमीटरला जवळपास 39 रुपये. त्यात 2 लाख 40 हजारांची दुरुस्ती तीन वर्षांत वाटली तर 55 रुपये. काळी-पिवळी टॅक्सी 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आणि पुढे किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे घेते. टॅक्सीत गुहागर होत नाही, कबूल. पण गाडी ही तुमची गरज नाही, हौस आहे, हे आकड्यांवरून दिसतंय. हौस वाईट नाही. मी तिला खर्चाच्या खात्यात 'वाहन' म्हणून लिहू देणार नाही, एवढंच. ती पर्यटन आणि हॉटेलच्या रकान्यात जाईल, आणि त्या रकान्याला वर्षाची कमाल मर्यादा असेल.

साडेसात लाखांना घेतली म्हणून आता ती सोडवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते साडेसात लाख 2021 मध्येच गेले. आज तुमच्याकडे आहे ती एका व्यापाऱ्याने आहे त्या अवस्थेत 3 लाख 75 हजारांना मागितलेली गाडी. तोच म्हणतो, दुरुस्त करून आणली तर पावणेपाच देईन. म्हणजे 2 लाख 40 हजार घालून 1 लाख परत. विकायची असेल तर दुरुस्त करून विकू नका. खडखड लपवूही नका. लेखी सांगून विका.

वेळेचाही प्रश्न आहे. ऑगस्ट 2026 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात. रीपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करावं लागेल: आरटीओत तपासणी, 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला लागू असलेलं 5 हजारांचं नूतनीकरण शुल्क, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. मिळणारी मुदत पाच वर्षांची. दिल्लीतल्यासारखा दहा वर्षांचा डिझेल नियम मुंबईत नाही. पण जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे अभ्यासायला समिती नेमण्याचे आदेश दिले होते. त्यातून काय निघेल यावर मी पैज लावणार नाही. पण जुन्या डिझेल मोटारीचा ग्राहक अशा बातमीनेही भाव पाडतो, आणि रीपासिंग बाकी असलेल्या गाडीचा तर आणखी.

माझा कौल विकण्याकडे आहे, आणि तोही पावसाळ्याआधी. मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात ही गाडी एकदा बंद पडली आणि तुम्ही घाईत पुन्हा स्टार्टर मारलात, तर इंजिनात पाणी जाऊन चेन तुटल्यावर होतं तेवढंच मोठं नुकसान होईल. इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही. वैयक्तिक वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नाही. तोटा झाला तर तोही कुठे वजा करता येत नाही.

आलेल्या 3 लाख 75 हजारांपैकी दीड लाख एफडीत घाला. उरलेल्यात एखादी जुनी छोटी पेट्रोल गाडी बघा, जिचे पार्ट पार्ल्यातल्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि जिचा ऑइल फिल्टर हाताने निघतो. तुमची हात काळे करायची हौस मला पत्रात ठिकठिकाणी दिसली. ती तिथे दर रविवारी भागेल. तिच्यावर शिका, चुका, पुन्हा करा. पाने आणि टॉर्क रेंच तेव्हा घ्या. लॉकिंग किट नको.

तरीही ही गाडी ठेवायचीच असेल, तर माझ्या अटी अशा: एस्टिमेट न देणाऱ्या तिसऱ्या गॅरेजकडून खडखड चेनचीच आहे याची तपासणी फी देऊन खात्री करा. माउंट झिजले तरी इंजिन हादरतं, आणि तसं निघालं तर चित्रच बदलेल. चेनच असेल तर काम मार्चच्या बोनसमधून, एफडीतून नाही, एसआयपी थांबवूनही नाही. बोनस येईपर्यंत गाडी उभी. आणि त्यानंतर वर्षाला दीड लाखांच्या वर एक रुपया गेला की त्याच महिन्यात विक्री. ही अट लिहून पत्नीकडे द्या, तुमच्याकडे ठेवू नका.

विकताना एकच काम टाळू नका. मालकी हस्तांतराचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून व्यापाऱ्याच्या हातात दिले म्हणजे गाडी तुमच्या नावावरून गेली, असं नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. त्या गाडीने कुणाला ठोकलं तर नोटीस पार्ल्याला येईल. आरसी नवीन नावावर झाल्याचं परिवहनच्या पोर्टलवर स्वतः बघा, तोवर 25 हजार रुपये राखून ठेवण्याची अट करारात घाला, आणि विमा रद्द करण्याचा अर्ज त्यानंतरच द्या.