वाचकांचे प्रश्न : रिपीटर घेण्याआधी टेकडीवर माणूस बसवून पाहा

प्रश्न : आमचे सेवा मंडळ दर वर्षी नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वार यात्रेत यात्रेकरूंसाठी लंगर चालवते. स्वयंपाकाचा मुक्काम वर असतो, तर पाण्याची आणि प्रथमोपचाराची ठाणी खाली दरीत असतात. मोबाइलचा तेथे भरवसा नाही. सीताबर्डीच्या बाजारात आम्हांला आठ ते दहा किलोमीटर चालणारे वॉकीटॉकी दाखवण्यात आले. बारा सेट आणि सोबत नेता येईल असा एक रिपीटर, म्हणजे एका सेटचे बोलणे ऐकून ते पुढे प्रसारित करणारे यंत्र, घ्यावा, असे मंडळात ठरत आहे. काय पाहून घ्यावे? (महाल, नागपूर)

उत्तर : खोक्यावर छापलेला दहा किलोमीटरचा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या दरीचा नसतो. वॉकीटॉकीच्या रेडिओ लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर सेट धरलेली दोन माणसे अगदी सपाट, मोकळ्या मैदानावर उभी असतील, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्यांच्यातील रेषा सुमारे दहा किलोमीटरवर तुटते; तो आकडा अशा मैदानाचा आहे. सातपुड्यात एक डोंगराची सोंड आडवी आली, की पाच वॅटचा सेटही अर्ध्या किलोमीटरवर मुका होतो. म्हणून किती वॅटचा सेट घ्यावा, हा प्रश्न दुसरा. माणसे कोठे उभी राहणार आणि त्यांच्यामध्ये काय आहे, हा पहिला.

आता परवान्याविषयी. 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील, अर्ध्या वॅटच्या मर्यादेतले लहान सेट परवान्याशिवाय वापरता येतात; मात्र त्या सेटच्या प्रकाराला सरकारी मान्यता असल्याचे प्रमाणपत्र दुकानदाराकडून पाहून घ्यावे. याहून अधिक शक्तीचे व्हीएचएफ (साधारण 136 ते 174 मेगाहर्ट्झचे) किंवा यूएचएफ (400 मेगाहर्ट्झच्या पुढचे) सेट वापरायचे असतील, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी, म्हणजे वारंवारता वाटून देणाऱ्या, शाखेकडून परवाना आणि ठरवून दिलेल्या वारंवारता घ्याव्या लागतात. त्यासाठी सरल संचार या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. आपले कार्यालय नागपुरात असले, तरी सेट मध्य प्रदेशात चालणार आहेत, हे अर्जात स्पष्ट लिहा. ही वाट व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीतून जाते, त्यामुळे कोणतेही यंत्र उभारण्यासाठी वनविभागाची अनुमतीही आधीच मागून ठेवा.

रिपीटरच्या बाबतीत माझे मत आपल्या मंडळापेक्षा वेगळे आहे आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तेच बोलणे अधिक जोराने प्रसारित करतो. एकाच अँटेनातून दहा वॅट बाहेर जात असताना, दरीतल्या सेटवरून आलेला, त्याहून अब्जावधी पट क्षीण संकेत त्याला ऐकायचा असतो. हे साधण्यासाठी डुप्लेक्सर नावाची गाळणी लागते आणि ती नेमक्या आपल्याच दोन वारंवारतांवर जुळवून घ्यावी लागते. यूएचएफमध्ये या दोन वारंवारतांमध्ये सहसा सुमारे पाच मेगाहर्ट्झचे अंतर ठेवतात. परवानामुक्त पट्टा संपूर्ण मिळून 0.2 मेगाहर्ट्झचा आहे. असा रिपीटर त्यात मावतच नाही. म्हणजे रिपीटर घेणे हा निव्वळ खरेदीचा निर्णय उरत नाही. परवाना, दोन वारंवारता, डुप्लेक्सर, उंच अँटेना, बॅटरी आणि त्यावर लक्ष ठेवणारा माणूस एवढे सगळे त्यासोबत येते.

म्हणून यंदा आधी असे करून पाहा. मुक्काम आणि दरीतली ठाणी दोन्ही दिसतील अशा एखाद्या वळणावर किंवा सोंडेवर सेट घेऊन दोन कार्यकर्ते बसवा. खालून आलेला निरोप त्यांनी जसाच्या तसा वर सांगायचा आणि वरचा खाली. मधला माणूस म्हणजेच बोलता-चालता रिपीटर. त्याला वेगळा परवाना लागत नाही, आणि गोंधळलेला निरोप तो पुन्हा विचारून घेऊ शकतो, जे कोणत्याही यंत्राला जमत नाही. दोघे अशासाठी, की एकाला जेवणाखाण्याला आणि विश्रांतीला वेळ मिळावा. श्रावणातल्या विजांचा विचार करून त्यांची जागा उघड्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली निवडू नका. त्या जागेवरून सर्व ठाणी ऐकू येतात की नाही, हे दोन दिवसांत वहीत नोंदवून ठेवा. पुढे कधी रिपीटर घेतलाच, तर तो कोठे ठेवायचा याचे उत्तर त्याच वहीत असेल.

पुढच्या वर्षी परवाना घेऊन रिपीटर उभारलात, तर माझ्या अनुभवातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. रामटेकजवळच्या एका सायकल शर्यतीसाठी आम्ही अँटेना चांगली उंच चढवली, पण खाली ठेवलेल्या यूएचएफ रिपीटरपर्यंत तीस मीटर पातळ आरजी-58 केबल सोडली. एवढ्या केबलमध्ये यूएचएफची शक्ती सुमारे एकदशांशावर येते. दहा वॅटपैकी जेमतेम एक वॅट वर पोहोचत होता, आणि दूरच्या सेटचे येणारे संकेतही तितकेच घटत होते. दुपारपर्यंत आम्ही सेटना दोष देत राहिलो आणि त्या वेळात एका जखमी स्वाराचा निरोप उशिरा पोहोचला, याची खंत मला आजही आहे. जाड, कमी गळतीची केबल घ्या आणि तिची लांबी शक्य तितकी कमी ठेवा. जोडांवर पाणी न शिरणारी चिकटपट्टी गुंडाळा आणि केबल यंत्रात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारे पाणी त्या झोळावरून गळून जाईल.

बॅटरीचा हिशोब कागदावर मांडा. उदाहरणार्थ, दहा वॅटचा रिपीटर प्रसारण करताना 12 व्होल्टवर तीन अँपिअर आणि नुसता ऐकताना अर्धा अँपिअर घेत असेल, आणि बारा तासांपैकी चार तास बोलणे चालत असेल, तर बारा अधिक चार असे सोळा अँपिअर-तास लागतात. प्रत्यक्षात तीस अँपिअर-तासांची बॅटरी न्यावी, कारण यात्रेत बोलणे हिशोबापेक्षा वाढतेच. गर्द झाडीच्या दरीसाठी यूएचएफपेक्षा व्हीएचएफ बरे. पाने त्याच्या लहरी कमी शोषतात. सेट मात्र सगळे एकाच जातीचे घ्या, म्हणजे एकाची बॅटरी दुसऱ्याला बसेल.

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. घर ते बागेचे दूरचे टोक दोन-अडीच किलोमीटर आहे. परवानामुक्त सेट पुरतील का? (काटोल, जि. नागपूर)

उत्तर : जमिनीवरून जमिनीवर बोलायचे असेल, तर बहुधा अडखळत चालतील, फळझाडांच्या रांगा लहरी शोषतात आणि पावसाळ्यात ओल्या पानांमुळे त्यात भर पडते. पण घरच्या माणसाने गच्चीवर जाऊन बोलावे. दीड मीटरऐवजी नऊ मीटर उंचीवरून त्याचे क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवरून बारा किलोमीटरवर जाते आणि लहरींना बागेच्या डोक्यावरून वाट मिळते. विकत घेण्यापूर्वी ओळखीच्या कोणाचे दोन सेट एक दिवस मागून आणा आणि बागेच्या चारही कोपऱ्यांत उभे राहून पाहा.

प्रश्न : मुलाने ऑनलाइन स्वस्तात दोन वॉकीटॉकी मागवले आहेत. त्यांवर हवी ती वारंवारता टाकता येते. वापरले तर चालतील का? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : परवान्याशिवाय त्यांवरून प्रसारण करू देऊ नका. असे सेट बहुधा 136 ते 174 आणि 400 मेगाहर्ट्झच्या पुढच्या मोठ्या पट्ट्यात चालतात, आणि तेथे इतरांना, त्यांत सुरक्षा यंत्रणांनाही, दिलेल्या वारंवारता आहेत. अशा विक्रीला आळा घालण्यासाठीच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाला या विषयाची खरी ओढ असेल, तर त्याला हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा द्यायला सांगा. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते, आणि त्या अभ्यासात तो जे शिकेल ते या दोन सेटांतून शिकणार नाही.

प्रश्न : 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आमच्या वस्तीत शिरले, तेव्हा वीज गेली आणि शेजारच्या इमारतीतल्या वृद्ध दांपत्याची खबरही लागत नव्हती. आता चार इमारतींनी मिळून वॉकीटॉकी ठेवावे असे वाटते. (अंबाझरी परिसर, नागपूर)

उत्तर : आपला विचार फार योग्य आहे. चार इमारतींतले अंतर पाहता परवानामुक्त अर्ध्या वॅटचे सेट पुरेसे आहेत, रिपीटर मुळीच नको. प्रत्येक इमारतीत एक सेट तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावरच्या घरात ठेवा. पाण्यापासून तो सुरक्षित राहील आणि लहरही दूर जाईल.

माझी अधिक काळजी सेटच्या निवडीविषयी नाही, तो सप्टेंबरपर्यंत जिवंत राहण्याविषयी आहे. लिथियम बॅटरी पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवली किंवा पार उतरलेली तशीच पडू दिली, तर ती खराब होते. निम्मी भरलेली ठेवून दर महिन्याला तपासावी आणि पावसाळ्यात पूर्ण भरावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा सेट उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका. कोरड्या सेलवर चालणारा एखादा सेट असल्यास उत्तम, कारण सेल कपाटात वर्षभर टिकतात आणि वीज नसतानाही बदलता येतात.

चारही सेटांवर एकच चॅनेल आणि एकच टोन (बोलण्यासोबत जाणारा खुणेचा स्वर) लावा आणि तो आकडा प्रत्येक सेटच्या पाठीवर लिहून चिकटवा. टोनमुळे बोलणे गुप्त होते, असा समज आहे. तसे होत नाही. टोन फक्त आपल्या सेटला इतरांचे बोलणे ऐकू देत नाही, त्या चॅनेलवरच्या दुसऱ्या कोणालाही आपले बोलणे ऐकू येतेच. म्हणून घर रिकामे असल्याची माहिती त्यावर सांगू नका. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, नाही तर पहिला शब्द कापला जातो, आणि तो शब्द बहुधा इमारतीचे नाव असतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी चारही इमारतींनी एकमेकांना हाक द्यावी आणि उत्तर आले नाही, तर त्याच दिवशी जाऊन कारण पाहावे. त्या वृद्ध दांपत्याला शक्य असेल तर एक सेट त्यांच्याच घरी द्या आणि पहिली हाक दर वेळी त्यांना द्यायला सांगा.