वाचक विचारतात : पब्लिसिटीसाठी पदरचे पैसे घालायचे का?

(या महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. काही पत्रं थोडी कापली आहेत, राग नसावा.)

प्रश्न : ताई, माझी पहिली कादंबरी दोन महिन्यांत येतेय. प्रकाशकांनी सरळच सांगितलं की छापणं आणि दुकानात पोचवणं आमचं काम, गाजावाजा तुमचा तुम्ही बघा. एका पीआर एजन्सीशी बोलले तर त्यांचं तीन महिन्यांचं पॅकेज आहे, प्रेस नोट, सोशल मीडिया पोस्ट, इन्फ्लुएन्सर, 'मीडिया कव्हरेज' असं सगळं. फी माझ्या पुस्तकाच्या साधारण दीडशे प्रतींच्या किमतीएवढी होते. घरचे म्हणतात पैसे देऊन टाळ्या कशाला विकत घ्यायच्या, चांगलं असेल तर आपोआप चालेल. मलाही जरा लाज वाटतेय. काय करू?

उत्तर : आधी लाजेचं मिटवून टाकू. १८५५ साली वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीने आपला पहिला संग्रह स्वतःच्या खर्चाने काढला आणि मग नाव न लावता स्वतःच त्याची स्तुतीपर परीक्षणं लिहून छापून आणली. आज त्याला थोर म्हणतात. तुम्ही तर उघडपणे कोणाची तरी मदत घ्यायला निघालाय, त्यात लाजण्यासारखं काय आहे. आणि 'आपोआप चालेल' हे फक्त चाललेल्या पुस्तकांबद्दलच ऐकू येतं हो, जी आपोआप पडून राहिली त्यांच्याबद्दल कोण कुठे काय सांगतंय?

पण लाज नाही म्हणून लगेच पैसे ट्रान्सफर करू नका, आधी हिशोब करू. समजा तुमची रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के आहे, म्हणजे दहा प्रती विकल्या की तुमच्या हातात एका प्रतीची किंमत पडते. फी दीडशे प्रतींची. ती नुसती वसूल व्हायला दीड हजार प्रती विकायला हव्यात, त्याही एरवी विकल्या गेल्या असत्या त्या सोडून, जास्तीच्या. पहिली आवृत्ती हजाराची असेल तर अख्खी संपली तरी फी निघत नाही! करारात रॉयल्टी किती आणि ती छापील किमतीवर की प्रकाशकाला प्रत्यक्ष मिळालेल्या पैशावर, हे एकदा नीट वाचा, कारण दुसरं असेल तर गणित आणखी बिघडतं. स्वतःच ईबुक काढणाऱ्यांचं वेगळं आहे, तिथे अ‍ॅमेझॉनवर ठराविक किमतीच्या पट्ट्यात लेखकाला ७० टक्क्यांपर्यंत मिळतात, त्यामुळे त्यांना थोडी जाहिरात परवडू शकते. छापील पुस्तकाच्या लेखकाने मात्र हे पैसे परत येणार नाहीत असं धरूनच चालावं. तरीही द्यावेसे वाटले तर द्या, माणसं छंदावर खर्च करतातच की. कर्ज काढून किंवा घरात न सांगता नको, एवढंच.

आता पैसे नक्की कशाचे देतोय ते बघा. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी स्वतः असं पॅकेज घेतलं होतं. तीन महिन्यांनी बावीस पानांचा रंगीत रिपोर्ट आला आणि त्यात 'पोटेन्शियल रीच' म्हणून एक आठ आकडी संख्या. मी हरखलेच! मग रात्री बसून एकेक लिंक उघडली तर चाळीसेक वेबसाइटवर तीच प्रेस नोट जशीच्या तशी चिकटवलेली, सगळीकडे माझ्या नायिकेच्या नावात तीच एक चूक, आणि तो आठ आकडी रीच म्हणजे त्या सगळ्या साइट्सना महिन्याभरात जे कोणी भेट देतात त्यांची नुसती बेरीज. माझी बातमी किती जणांनी उघडली याचा त्यात पत्ताच नव्हता. त्या तीन महिन्यांत ऑनलाइन विकल्या गेल्या एकोणीस प्रती आणि त्यातले सहा जण मला नावानिशी माहीत आहेत.

पण सगळं पाण्यात गेलं असंही म्हणणार नाही. त्या ऑफिसातली एक नवीन मुलगी पहिल्याच फोनवर म्हणाली, मॅम, हे पुस्तक नक्की कोण वाचेल? मी म्हटलं, सगळेच. ती गप्प. मग म्हणाली, सगळे म्हणजे कोणीच नाही मॅम, एका माणसाचं सांगा ना. तासभर डोकं खाजवून शेवटी निघालं की ज्यांच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय आणि जे रात्री जागतात, ते. मग मलपृष्ठावरचा मजकूर बदलला, आणि पुढे लोकांना पुस्तकाबद्दल सांगताना मी जे एक वाक्य वापरत आले ते तिथेच सापडलं. पॅकेजच्या यादीत हे काम कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण माझ्या मते फी वसूल झाली असेल तर तेवढ्यात.

तेव्हा एजन्सीला विचारा : गेल्या वर्षभरात माझ्यासारखी, म्हणजे अनोळखी लेखकाची कादंबरी कोणती घेतली होती? त्या लेखकाशी मला बोलता येईल? माझं पुस्तक तुमच्याकडे कोण वाचणार आहे, की नुसता ब्लर्ब, म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर वाचणार? कोणत्या पाच माणसांना तुम्ही स्वतः फोन करणार? शेवटच्या प्रश्नावर समोरचा 'आमचं नेटवर्क खूप मोठं आहे' म्हणाला तर नमस्कार करा आणि उठा. चांगला पब्लिसिस्ट पाच नावं पटकन सांगतो, वर हेही सांगतो की यातले तीन बहुतेक नाही म्हणतील.

आणि अख्ख्या पॅकेजऐवजी सुटं काम करून घेता येतं हे कोणी सांगत नाही. एखाद्या जाणकाराला दोन तासांचे पैसे देऊन प्लॅन आखून घ्या, प्रेस नोट तपासून घ्या, एक बरा फोटो काढून घ्या. ईमेल तुम्ही स्वतः पाठवू शकता. लेखकाने स्वतः लिहिलेलं, समोरच्याचं काम खरंच वाचून लिहिलेलं पत्र एजन्सीच्या फॉरवर्डपेक्षा जास्त वेळा उघडलं जातं, हा माझा अनुभव.

प्रश्न : मला गेल्या महिन्यात इंग्रजीतून तीन ईमेल आले. पुस्तकाचं इतकं सुंदर वर्णन, पात्रांची नावं, प्रसंग, सगळं बरोबर! एक म्हणे हजारो सदस्यांचा बुक क्लब चालवतात, माझं पुस्तक निवडलंय, फक्त 'स्पॉट फी' भरायची. खरं असेल का?

उत्तर : नाही हो. वाईट वाटतंय सांगताना, कारण इतकं मन लावून कौतुक आपलं माणूससुद्धा करत नाही. पण हे कौतुक मशीनने लिहिलंय. तुमच्या पुस्तकाची जी माहिती नेटवर आहे, ब्लर्ब, रिव्ह्यू, नमुन्याची पानं, ती एआयमध्ये टाकली की असा मजकूर मिनिटभरात तयार होतो, आणि २०२५ पासून जगभरातल्या लेखकांना असे ढिगाने ईमेल येतायत. कधी खऱ्या बुक क्लबचं नाव चोरतात, कधी चक्क नावाजलेल्या लेखकाच्या नावाने 'सहज' ओळख वाढवतात आणि चौथ्या ईमेलला मार्केटिंगवाला गाठून देतात. साधी खूण सांगते, खरा बुक क्लब पुस्तक वाचतो आणि जमलं तर लेखकाला बोलावतो, तो लेखकाकडून वाचायचे पैसे मागत नाही. अशा फसवणुकींची नोंद ठेवणारी रायटर बिवेअर नावाची साइट १९९८ पासून चालू आहे, पैसे भरायच्या आधी तिथे कंपनीचं नाव टाकून बघत जा. उत्तर देऊ नका, 'मला इंटरेस्ट नाही' असंही नको, कारण तेवढ्यानेही पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं.

प्रश्न : पन्नास फाइव्ह स्टार रिव्ह्यूंचं पॅकेज मिळतंय. सगळेच घेतात म्हणे. रिव्ह्यू नसलं की पुस्तक कोणी बघतच नाही, मग काय करायचं?

उत्तर : सगळेच घेत नाहीत. जे घेतात त्यातले काही सापडतातही. २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉनने फायवर या साइटवर खोटे रिव्ह्यू विकणाऱ्या १,११४ जणांवर एकदम दावा लावला होता, आणि अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं दोन्हीला मनाई करणारा नियमच लागू झालाय. खोटे रिव्ह्यू काढले जातात, खातं बंद होऊ शकतं, आणि मग एखाद्याने मनापासून लिहिलेल्या दोन ओळींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी जरा विचार करा, पन्नास जणांनी 'अप्रतिम, नक्की वाचा' एवढंच लिहिलंय आणि एकाही पात्राचं नाव कोणी घेतलेलं नाही, हे वाचकाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?

इथे एक बारीक रेघ आहे मात्र. पुस्तक वाचकांपर्यंत पोचवायचे पैसे देणं वेगळं आणि मत विकत घेणं वेगळं. नेटगॅलीसारख्या साइटवर प्रकाशक किंवा लेखक पैसे भरून प्रकाशनाआधीच पुस्तक ठेवतात, वाचक फुकट घेतात आणि मनाला येईल ते लिहितात, किंवा लिहीतच नाहीत. १९३३ पासून चालू असलेलं कर्कस हे परीक्षणांचं नियतकालिकही स्वतः प्रकाशित करणाऱ्यांकडून फी घेऊन परीक्षण करून देतं, पण चांगलंच लिहू असं वचन देत नाही, वाईट आलं तर फार तर ते छापू नका म्हणता येतं. हे खोटं नाही. पण तेवढे पैसे घालण्याइतकं हे उपयोगी आहे का, तर पहिल्या पुस्तकाला मी तरी नाही घालणार. त्यापेक्षा पंधरा-वीस प्रती अनोळखी पण त्याच प्रकारचं वाचणाऱ्यांना फुकट पाठवा, रिव्ह्यूची अट न घालता. पाच जण लिहितील, एक जण तीन स्टार देईल, आणि तो तीन स्टारवालाच बाकीच्यांना खरं ठरवेल.

प्रश्न : 'गॅरंटीड बेस्टसेलर' म्हणतात ते खरं करून देतात का?

उत्तर : देतात, तीच तर गंमत आहे. २०१६ मध्ये मार्केटिंगमधल्याच एका माणसाने आपल्या पायाचा फोटो काढला, तोच 'पुस्तक' म्हणून अ‍ॅमेझॉनवर चढवला, कोणी फारसं फिरकत नाही अशी एक कॅटेगरी निवडली आणि जेमतेम तीन प्रती विकून नंबर वन बेस्टसेलरचा बिल्ला मिळवला. विकला जातो तो हा बिल्ला. मोठ्या याद्यांवर चढायला घाऊक प्रती उचलण्याचे प्रकारही झालेत, म्हणून न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत घाऊक खरेदीचा संशय असलेल्या पुस्तकापुढे खंजिराचं चिन्ह लावतात. त्या पैशात तुमचं पुढचं पुस्तक चांगल्या संपादकाकडून संपादित करून घ्या की.

प्रश्न : पब्लिसिस्टने काम प्रामाणिकपणे केलं, दोन मुलाखती झाल्या, एक लेख आला. तरी विक्री शून्य. मी फसलो का?

उत्तर : नाही, फसला नाहीत. पण तारखा कळवा ना! मुलाखत आली त्या दिवशी पुस्तक दुकानात होतं का? ऑनलाइन 'स्टॉकमध्ये नाही' असं तर दिसत नव्हतं? निम्म्या वेळा घोळ इथेच असतो. लेखक मुलाखतीत छान बोलतो, ऐकणारा लगेच फोनवर नाव टाकतो, पुस्तक मिळत नाही, आणि तो माणूस परत कधी शोधत नाही. मासिकांना तर तीन-चार महिने आधी प्रत हातात लागते. पुस्तक आल्यावर पब्लिसिस्ट नेमला की त्या जागा केव्हाच भरलेल्या असतात, मग तो बिचारा उरलेल्या जागा शोधत फिरतो.

दुसरं असं की पब्लिसिटीने नाव कानावर पडतं, विकत घ्यायला तेच नाव आणखी दोन-तीनदा, वेगवेगळ्या तोंडून ऐकू यावं लागतं, आणि त्यातलं एक तोंड ओळखीचं असलं तर बरं. पब्लिसिस्टने पहिली खेप केली. त्या मुलाखतींच्या लिंक तुम्ही कोणाला पाठवल्या का? वाचनालयांना? ज्या विषयावर पुस्तक आहे त्या विषयात काम करणाऱ्या गटांना? पत्रात तुम्ही हे काहीच लिहिलं नाहीये, म्हणून विचारते. प्रकाशकाकडून महिन्यानुसार विक्रीचा तक्ता मागवा, त्याच्या शेजारी मुलाखतींच्या तारखा लिहा आणि दोन्ही मला पाठवा, पुढच्या अंकात बघू.