उतारा लगेच, सेव्हला मात्र तास

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर सहा वर्षं जुना आहे. ७२०० आरपीएमच्या चार डिस्क, रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी). महिन्याभरापासून दिवसअखेरीचं काम पाऊण तासाऐवजी साडेतीन तास चालतं. खातेउतारा लगेच निघतो, पण व्हाउचर सेव्ह केलं की काउंटरवरची मुलगी हाताची घडी घालून बसते. व्हेंडरने रॅम दुप्पट केली, फरक शून्य. आता तो नवा सर्व्हर घ्या म्हणतो. घ्यावा का?
– एक व्यवस्थापक, अकोला

उत्तर : इतक्यात नको. उतारा पटकन आणि सेव्ह रखडत, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. रॅम कमी पडली असती तर उताराही रडतखडत निघाला असता. माझा पहिला संशय रेड कार्डावरच्या, म्हणजे या डिस्कांचा कारभार बघणाऱ्या कार्डावरच्या बॅटरीवर आहे.

आवक टपालाचा कारकून आठवा. तो पत्र ट्रेमध्ये टाकतो, पोच देतो आणि सवडीने फाइलला लावतो. रेड कार्डाची कॅश, म्हणजे त्याची तात्पुरती मेमरी, हा तो ट्रे, आणि या पद्धतीला म्हणतात राइट बॅक. वीज गेली तर ट्रेमधलं टपाल जिवंत ठेवायचं काम बॅटरीचं. ती मेली की कार्ड भरवसा सोडतं आणि राइट थ्रूवर जातं : आधी रेकॉर्डरूममध्ये जा, फाइलला लाव, मगच पोच. त्यात तुमचं रेड-५. एका छोट्या नोंदीसाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत जुळवायचा हिशेब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. म्हणजे डिस्कवर चार फेऱ्या. वाचण्या-लिहिण्याच्या अशा फेऱ्या तुमची एक डिस्क सेकंदाला साधारण ७५-८० मारते, म्हणजे चार डिस्क मिळून लिहिण्यात एकीच्याच तोलाच्या.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. मेगारेड जातीचं कार्ड असेल तर स्टोरसीएलआय किंवा जुन्या मेगासीएलआय या त्याच्या कमांडच्या प्रोग्रॅममध्ये लॉजिकल ड्राइव्हची (चार डिस्क मिळून दिसणाऱ्या एका ड्राइव्हची) माहिती काढा. मेगासीएलआयमध्ये कॅश पॉलिसीच्या दोन ओळी दिसतात. डिफॉल्टपुढे राइट बॅक आणि करंटपुढे राइट थ्रू असेल, तर चोर सापडला. त्याच बैठकीत बॅटरीची अवस्था आणि प्रत्येक डिस्कचा मीडिया एरर काउंट, म्हणजे वाचता-लिहिताना झालेल्या चुकांचा आकडा, बघून घ्या. आजारी डिस्कही सगळ्यांना मागे खेचते.

मी स्वतः यात दोन रात्री घालवल्यात. भोसरीतल्या एका कारखान्यात सर्व्हर महिन्यातून एकदाच, काही तासच मंदावायचा. आम्ही अकाउंट्सवाल्यांच्या रिपोर्टला शिव्या घातल्या, नेटवर्क स्विच बदलला. निघालं काय, तर लर्न सायकल : कार्ड बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज करून तिची ताकद तपासत होतं, आणि तेवढा वेळ राइट बॅक बंद. ते रविवारवर ढकललं आणि तक्रार संपली. तुमचा त्रास रोजचा आहे, म्हणून बॅटरीच संपली असावी. सहा वर्षं आणि अकोल्याचा उन्हाळा, तिने बरेच दिवस काढले म्हणायचे.

कोणी सांगेल, ‘राइट बॅक फोर्स करा, यूपीएस आहेच की.’ ऐकू नका. यूपीएस भिंतीकडची वीज सांभाळतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळला किंवा साफसफाईत कुणी केबल ओढली, तर कॅशमधल्या नोंदी गेल्या. पावती ग्राहकाच्या हातात आणि खात्यात नोंद नाही, असा प्रसंग पतसंस्थेत किती महागात पडतो, ते तुम्हीच मला सांगाल.

बॅटरी कार्डाच्या मॉडेल नंबरवरूनच मागवा आणि उत्पादनाची तारीख विचारा. लिथियम बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते. बॅकअप घ्या, तो उघडतोय का ते बघा, रीतसर शटडाउन करा, मग झाकण काढा. नवी बॅटरी चार्ज व्हायला काही तास लागतात. तोवर करंटपुढे राइट थ्रूच दिसेल, घाबरून व्हेंडरला फोन करू नका. दुसऱ्या दिवशी राइट बॅक दिसलं आणि दिवसअखेर पुन्हा पाऊण तासात आटोपली, तर सर्व्हरचे पैसे वाचले. मात्र डिस्कही सहा वर्षांच्या आहेत, एक जादा आणून ठेवा.

जुनी बॅटरी फुगलेली निघाली तर टोचू-दाबू नका, टेबलाच्या खणातही ठेवू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.