पिरमला निघण्याआधी गिरणेत उतर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. प्रबंधाला खंबायतच्या आखातातलं, जीवाश्म हाडांचं पिरम बेट घेतलंस, छान केलंस. "सर, मी जन्मभर काळा दगडच पाहिला, वालुकाश्म मला कसा वाचता येणार?" ही तुझी धास्ती खोटी नाही. आपल्या खानदेशात खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट, म्हणजे तुझा तो काळा दगड, आणि वर तापी-गिरणेचा गाळ. पिरमचे थर मायोसीन या भूवैज्ञानिक युगाच्या उत्तरार्धातले, म्हणजे बसाल्टच्या मानाने कालपरवाचे. पण वाळू तुझ्या दारात आहे, आणि तिचे नियम तेव्हाही हेच होते.

वाळूउपशाने गिरणेच्या पात्रात खड्डे पडलेत. उपसा वाईटच, पण पडलाच आहे खड्डा तर त्यात उतर. सकाळी जा, ऊन तिरपं असताना भिंतीवरच्या रेघा उठून दिसतात. खुरप्याने हातभर भिंत साफ कर. आडव्या थरांच्या आत तिरक्या रेघा दिसतील, त्या ज्या बाजूला उतरतात तिकडे पाणी वाहत होतं. वरच्या टोकाला त्या कापल्यासारख्या तुटतात, तिथे पुढच्या पुराने माथा खरवडून नेला. मग भिंगाखाली चिमूटभर वाळू बघ. काळे कण बसाल्टचे, मधूनच अकीकाचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या खड्याचा, एखादा दुधी तुकडा. एकदा मी असाच गुडघ्यावर बसलो होतो, तर वरून ट्रॅक्टरवाला ओरडला, "सर, सोनं शोधी ऱ्हायनात का?"

त्या दिवशी खड्ड्याच्या तळाशी, गोट्यांच्या थरात बैलाची एक दाढ आणि चपलेचा झिजलेला तळ शेजारीशेजारी अडकलेले सापडले. जड आणि टणक ते पात्राच्या तळाशी गोळा होतं, बारीक पुढे जातं. पिरमच्या पिंडाश्मात, म्हणजे गोटे घट्ट जुळून झालेल्या खडकात, हाडं का मिळतात, हे मला तिथे उमगलं. गोट्यांबरोबर गडगडत आलेलं हाड अख्खं नसतं. सांधे सुटलेले, कडा घासलेल्या. त्यामुळे सांगाड्याची आस धरू नकोस. जीवाश्मांचा अभ्यासक ह्यू फाल्कनरने 1845 मध्ये जिराफाच्या कुळातल्या ज्या दांडग्या प्राण्याला ब्रामाथेरियम नाव दिलं, तो पिरमचाच. नावात ब्रह्मदेव आहे, म्हणून तू नक्की लक्षात ठेवशील.

आता माझी चूक सांगतो. पहिल्यांदा घोघ्याहून होडीने गेलो तेव्हा ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाजवळ एक दात दिसला. आनंदाच्या भरात उचलला आणि खिशात टाकला. तो थरात रुतलेला होता की लाटेने आणून टाकलेला? वरच्या वाळूतला की खालच्या गोट्यांतला? वहीत एक ओळ नाही. आज तो माझ्या टेबलावर आहे आणि कागद उडू नयेत एवढ्याच कामाचा आहे. तेव्हा परवानगीशिवाय काही उचलू नकोस, आणि परवानगी असली तरी आधी जागेवर फोटो, शेजारी पट्टी, थराची जाडी, रेघांची दिशा, मग हात. सुटं सापडलं तर "सुटं" असंच लिही. लाज नाही त्यात.

भरतीचं कोष्टक पाठ कर. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो आणि पाणी वर चढायला लागलं की वही लिहायला वेळ देत नाही.

जमलं तर वाटेत गुजरातच्या भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला थांब. तिथले अकीक मायोसीनच्या पिंडाश्मातून निघतात, आणि तो अकीक मुळात बसाल्टच्या पोकळ्यांत जन्मलेला. गिरणेत दिसलेला तो दुधी तुकडा अजून त्याच वाटेवर आहे.

मृगाआधी खड्ड्याच्या भिंतीचं एक रेखाटन मला पाठव, फोटो नको. पाऊस लागला की भिंत ढासळेल. आणि माझं दहापटीचं भिंग घेऊन जा, पण दोरीला बांधून गळ्यात घाल. याआधीचं पांझरेत गेलंय.

तुझा,
सर