वीस वर्षांनी बर्फावर, आणि मनगट सुजलं

प्रश्न : शाळेत असताना आईस स्केटिंग करायचे, आता वयाच्या ३८व्या वर्षी परत सुरू केलं. तिसऱ्याच दिवशी पाय सटकून मागे पडले, हात टेकला गेला. सूज थोडीशीच आहे, बोटं हलतात, पण पाच दिवस झाले तरी बाटलीचं झाकण उघडताना कळ येते. थांबू का चालू ठेवू?

उत्तर : आधी थांबा. आणि एक करून बघा, अंगठा वर ताणला की त्याच्या बुडाशी मनगटाजवळ छोटा खळगा दिसतो ना, तिथे हलकंच दाबा. दुखलं तर डॉक्टरांकडे जाच, कारण तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तरी बोटं मस्त हलतात आणि पहिल्या एक्सरेत फ्रॅक्चर कधीकधी दिसतही नाही, म्हणून १०-१४ दिवसांनी परत एक्सरे काढायला सांगतात. (बोटं हलतायत म्हणजे हाड शाबूत, हे आपलं घरगुती निदान, त्यावर जाऊ नका.) तिथे दुखत नसलं तरी पाच दिवसांनी कळ येतेय म्हणजे एकदा दाखवलेलं बरं.

परत जाल तेव्हा रिस्ट गार्ड घाला आणि पहिला अर्धा तास नुसतं पडायचा सराव करा, हसू नका, खरंच. तोल गेला की गुडघे वाकवून खाली बसायचं, मग कुशीवर, मांडीवर पडायचं, हात पोटाशी आणि मुठी मिटलेल्या, नाहीतर बोटांवरून कुणाचं ब्लेड जायचं. शरीराला जुन्या गिरक्या आठवतात हो, पण ताकद आत्ताची असते, तिथेच गडबड होते.