पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलता येतात का?

तुमचा प्रश्न असा की बोलेरो पिकअपचे पुढचे पॅड घरच्या अंगणात बदलता येतील का. गाडी जांबोटी-कणकुंबीवरून भाजी घेऊन गोव्याला जाते आणि ब्रेक दाबला की पुढून करकर आवाज येतो. बदलता येतात. मी बेळगावजवळच राहतो, आमच्याही घरी पिकअप आहे आणि तिचे पॅड मी स्वतःच बदलतो. फक्त एक आधीच सांगतो, हे पुढं डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवतात ती चकती, असलेल्या पिकअप किंवा छोटा हत्तीबद्दल आहे. एअर ब्रेकवाल्या मोठ्या ट्रकला लायनर, म्हणजे ड्रमच्या आतून घासणारे पट्टे असतात, ते काम अंगणातलं नव्हे.

नवे पॅड बसवणं हे यातलं सोपं काम. खरं काम आहे जुने पॅड नीट बघणं. बरेच जण जुने काढून फेकतात आणि नवे चढवतात. मग थोड्याच महिन्यांत एका बाजूचा पॅड पुन्हा पत्र्यापर्यंत झिजतो आणि दोष कंपनीच्या मालाला दिला जातो. म्हणून एकेका चाकाचे पॅड काढाल तसे डावे-उजवे, आतले-बाहेरचे अशा खुणा करून ओळीनं मांडा.

आतला, म्हणजे पिस्टनकडचा (ऑइलच्या दाबानं पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडचा) पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजलाय? मग कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्यात, असंच बहुतेक निघतं. कॅलिपर सरकत नाही आणि सगळा दाब आतल्या पॅडवरच पडतो. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर दोनपैकी एक पिन अडकलीय, नाहीतर पॅड खाचेत गंजून बसलाय. एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि दुसऱ्या चाकाचे धड आहेत, तर पिस्टन परत येत नाही किंवा कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज पाईप आतून फुगलाय. पॅड काचेसारखा चकचकीत दिसला तर तो घाटात तापलाय. आणि पॅडला तेल लागलेलं दिसलं तर काम तिथंच थांबवा. ते कुठून गळतंय ते सापडल्याशिवाय नवा पॅड बसवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं पिना जाम होण्याचं कारण सरळ आहे. खानापूर भागातला पाऊस आणि लाल चिखल. पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटला की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पिनेवर गंज धरतो. पिन हातानं ओढून बघा, बोटाच्या जोरानं सरकली पाहिजे. गंज थोडा असेल तर बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, खड्डे पडले असतील तर नवीच घ्या. ब्रेकसाठी मिळतं तेच ग्रीस लावा. साधं ग्रीस उष्णतेनं वितळतं आणि रबरही फुगवतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका.

आता गाडी उचलण्याचं. जागा सपाट आणि कडक हवी. पावसाळ्यात अंगणाच्या मातीत जॅक रुतत जातो, खाली जाड फळी घाला. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी उचलल्यावर खाली स्टँडच लावा. आपल्याकडं जांभ्याचे चिरे सहज मिळतात म्हणून लोक तेच रचतात. तसं करू नका, चिरा वजनानं अचानक फुटतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर हातही घालू नये.

एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे जोडणीत शंका आली तर दुसरी बाजू बघायला मिळते. कॅलिपर सोडवल्यावर तो होज पाईपवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं वर बांधा. पिस्टन मागं ढकलण्याआधी ब्रेक ऑइलचं झाकण उघडा. पिस्टन मागं गेला की ऑइल वर चढतं, भरलेलं असेल तर सिरिंजनं थोडं काढून घ्या. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पनं (पेच फिरवून आवळायच्या शिकंज्यानं) हळूहळू दाबा. अडून बसला तर जोर लावू नका, तो कॅलिपर मेकॅनिककडं न्या. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं ते. आतली काळी धूळ हवेनं उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा.

डिस्कवर बोटाला लागणारे खोल चरे असतील, किंवा डिस्कवर कोरलेल्या कमीत कमी जाडीच्या खाली ती गेली असेल, तर नव्या पॅडचे पैसे वाया जातील. पॅड ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदमच बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते.

चाकं चढवून, नट समोरासमोरचे या क्रमानं आवळून झाले की गाडी हलवण्याआधी पेडल दाबत राहा. पहिल्या दाबाला ते तळाला जातं, कारण पिस्टन मागं ढकललेला असतो. कडक झाल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. मग ऑइलची पातळी बघा आणि रिकाम्या गाडीनं मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगातून १० पर्यंत सावकाश वेग उतरवा, असं ८-१० वेळा, मध्ये पॅड थंड होऊ देत. भरलेली गाडी घेऊन थेट गोव्याकडचा चोर्ला घाट उतरू नका.

घाटात जाणाऱ्या गाडीसाठी आणखी एक, ऑइलचंही बघा. ते हवेतलं पाणी ओढतं. ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. उतारावर सतत ब्रेक दाबून कॅलिपर तापला की असं ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. ऑइल काळपट झालं असेल किंवा दोन वर्षांत बदललं नसेल तर ते बदलून ब्रेकच्या पाईपांत अडकलेली हवा काढून घ्या. हवा काढायला पेडलवर बसणारा दुसरा माणूस लागतो, आणि पहिल्यांदा हे काम जाणत्या मेकॅनिकसमोर केलेलं बरं.