दोन ऑक्टोबरचा सिनेमा आणि नऊ वर्षांचा मुलगा

ताई,
मी मिरजेची. मला दोन मुलं. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. दिवाळीत नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा चार दिवस राहायला येताहेत. भाऊबीजेच्या रात्री सगळ्यांनी मिळून ‘दृश्यम’ बघायचा, असं नणंदेनं फॅमिली ग्रुपवर जाहीर करून टाकलंय. सगळ्यांचे अंगठेही येऊन गेले. माझा मात्र जीव थाऱ्यावर नाही. मे महिन्यात आम्ही धाकट्याला असाच एक थरारपट बघायला नेलं होतं. मध्यंतरानंतर तो पडद्याकडे बघेचना. दारावरच्या ‘एक्झिट’ लिहिलेल्या लाल पाटीकडे बघत बसला. पुढे महिनाभर बाथरूमला जाताना मला बाहेर उभं करायचा आणि ‘आई, बोलत राहा’ म्हणायचा. मी पाढे म्हणायचे. हे म्हणतात, सिनेमा यूए आहे, म्हणजे चालतो. सासूबाई म्हणतात, आम्ही तर भुताच्या गोष्टी ऐकतच झोपायचो, आम्हाला काय झालं? नणंद म्हणाली, ‘वहिनी, त्याला किती दिवस पदराखाली ठेवणार?’ मी जास्तच करतेय का? आणि सिनेमा मुलांना दाखवण्याजोगा आहे की नाही, हे ओळखायचं तरी कसं?
एक आई, मिरज

अगं,

पाढे कितीपर्यंत पोचले ते लिहिलं नाहीस. महिनाभरात एकोणतिसाचा तरी पाठ झाला असेल.

तू जास्त करत नाहीयेस. उलट सगळ्या घरात त्या थिएटरात पोराच्या तोंडाकडे तू एकटीच बघत होतीस, असं मला पत्र वाचताना वाटलं. बाकीचे सिनेमा बघत होते. लाल पाटीची गोष्ट मी दोनदा वाचली. आपण ज्याला भित्रेपणा म्हणतो ते त्याचं शहाणपण होतं. अंगावर आलेलं झेपेना, तेव्हा त्यानं बाहेर जायची वाट शोधून ठेवली आणि तिच्यावर नजर ठेवून तग धरला.

आधी तुझ्या यजमानांचं. यूए म्हणजे ‘चालतो’ नव्हे गं, यूए म्हणजे ‘आईबापांनी ठरवा’. ही वर्गवारी आपल्याकडे १९८३ पासून आहे. हिंदी ‘दृश्यम’ २०१५ साली आला तेव्हा तर यूए हा एकच मोठा डबा होता. बाराच्या आतल्या मुलांना पालकांनी आपल्या मार्गदर्शनाखाली दाखवावा, एवढंच त्यात लिहिलेलं. थोडी मारामारी असलेला विनोदी सिनेमाही त्यातच आणि खून पचवण्याची गोष्टही त्यातच. तो डबा पुरत नाही हे सरकारलाही पटलं असावं, कारण २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे तीन कप्पे झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. तेही पुन्हा सल्ल्यापुरतेच. ‘ए’ सिनेमाला अठराच्या आतल्या मुलाला दारावर अडवायलाच हवं, पण यूए १६+ ला तुझा नऊ वर्षांचा मुलगा बापाचं बोट धरून गेला तर कुणी हटकणार नाही. निर्णय तुमच्यावर टाकलेला आहे आणि तुझे यजमान तो परत सरकारवर टाकताहेत. सिनेमा सुरू व्हायच्या आधी सेन्सॉरचं ते प्रमाणपत्र दहा सेकंद पडद्यावर असतं. त्या दहा सेकंदांत आपण पॉपकॉर्न कुणाच्या मांडीवर ठेवायचं ते ठरवत असतो.

प्रमाणपत्राची आणखी एक मर्यादा आहे, आणि थरारपटाच्या बाबतीत तीच महत्त्वाची. रक्त किती, शिव्या किती, अंगावर कपडे किती, हे बघून ठरवता येतं. पण रहस्यपट न दाखवलेल्या गोष्टींवर उभा असतो. दार किलकिलं होतं, कॅमेरा बाहेरच थांबतो, आतून एक आवाज येतो. आता आत काय झालं? तू आणि मी आपापल्या वयाप्रमाणे ती जागा भरतो आणि चिवड्याचा पुढचा घास घेतो. नऊ वर्षांचं पोर ती जागा स्वतःच्या घरातल्या सामानानं भरतं. दार बाथरूमचं असेल तर तुमच्या बाथरूमचं दार लावतं. म्हणून तर तुला बाहेर उभं राहून बोलत राहावं लागलं.

लहान मुलं कशाला घाबरतात तेही वयाप्रमाणे बदलतं. चार-पाच वर्षांचं मूल दिसण्याला घाबरतं. रंगवलेलं तोंड, मुखवटा, एकदम धाडकन झालेला आवाज. आठ-नऊच्या पुढे ते घडण्याला घाबरू लागतं. भूत नसतं हे त्याला आता माहीत असतं, पण चोर असतात, पोलीस असतात, आईबाबांना कुणी उचलून नेऊ शकतं, हेही माहीत झालेलं असतं. त्यामुळे खोट्या राक्षसाचा सिनेमा नऊ वर्षांच्या मुलाला पचून जातो आणि साध्या घरातल्या साध्या माणसांचा पचत नाही. ‘अरे, नुसता सिनेमा आहे तो’ हे वाक्य या वयाला फारसं उपयोगी पडत नाही, कारण त्याची भीती सिनेमाबद्दलची नसतेच.

आता ‘दृश्यम’. (पुढच्या भागात गोष्ट फुटणार आहे. अजून न पाहिलेलं कुणी महाराष्ट्रात उरलं असेल तर त्यांनी दोन परिच्छेद सोडून वाचावं.) सिनेमा म्हणून मला तो फार आवडतो. मूळ मल्याळम सिनेमावरून आपल्या दिग्दर्शक निशिकांत कामतांनी तो गोव्यात आणून वसवला, आणि गोष्टीतल्या साळगावकरांचं घर असं उभं केलं की ते शेजारचंच वाटावं. ‘दोन ऑक्टोबरला आम्ही पणजीला सत्संगाला गेलो होतो’ असं ते कुटुंब पोलिसांना सांगत राहतं. पण अलीकडे दर गांधी जयंतीला मोबाइलवर पणजीच्या सत्संगाचे आणि पावभाजीचे विनोद फिरून फिरून झालंय काय, की तो एक घरगुती गंमतीचा सिनेमा आहे असं सगळ्यांना वाटायला लागलंय. तुझ्या नणंदेलाही बहुधा ती पावभाजीच आठवत असणार.

तू मात्र मुलाच्या उंचीवरून बघ. शिबिरात बाथरूममध्ये मोबाइल लपवून एका मुलीचं चित्रण केलेलं असतं, आणि त्यावरून तिला धमकावलं जातं. म्हणजे बाथरूम आलंच. रात्री घराशेजारी एक मृत्यू होतो, प्रेत पुरलं जातं आणि धाकटी मुलगी ते खिडकीतून बघते. मग आईबाप दोन्ही मुलींकडून खोटं बोलणं पाठ करून घेतात. आणि शेवटाकडे कमलेश सावंतांनी केलेला तो पोलीस, गायतोंडे, तुझ्या मुलाहूनही लहान दिसणाऱ्या त्या धाकटीला मारतो, आईबापांच्या डोळ्यांदेखत. बाप काही करू शकत नाही. थिएटरात या प्रसंगाला मोठी माणसं चिडून ‘अरे!’ म्हणून ओरडलेली मी ऐकली आहेत. मोठ्यांना राग येतो, कारण आपण बापाच्या जागी असतो. नऊ वर्षांचा मुलगा कुणाच्या जागी असणार, सांग? तो त्या पोरीच्या जागी असतो. आणि तिला वाचवायला कुणी येत नाही. पडद्यावर रक्त फारसं नाही, गाणीही बेताची, तरी माझ्या मते हा नऊ वर्षांच्या, त्यातून तुझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा सिनेमा नाही. यंदा नाही.

याउलट थोरलीनं तो बघावा, असं मी म्हणेन. तुझ्या शेजारी बसून. तिच्या हातात आज ना उद्या मोबाइल येणार, कदाचित आलाही असेल. फोटोवरून किंवा व्हिडिओवरून कुणी धमकावणं ही तिच्या वयाच्या मुलींवर खरोखर येणारी वेळ आहे, आणि एरवी हा विषय काढायचा म्हटलं की आपलीच जीभ अडखळते. सिनेमा तो काढून देतो. पण संपल्यावर एक गोष्ट तिला स्पष्ट सांग. त्या घरानं जे केलं ते गोष्ट रंगावी म्हणून केलं. आपल्या घरात असं काही झालं तर ती पहिल्या तासाला तुझ्याकडे येणार, तू तिला ‘तू तिथे कशाला गेली होतीस’ असं विचारणार नाहीस, आणि तुम्ही दोघी तक्रार करणार. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठी २०१२ पासून पोक्सो कायदा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तो तिला पाठ असू दे. हे बोलणं दहा मिनिटांत होईल. त्यासाठी पावणेतीन तासांचा सिनेमा मी आनंदानं सोसेन.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस, त्यात तथ्य आहे. आपण सगळे भीतीवरच वाढलो. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ आठव. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघोबा म्हणतो मी तुला खातो, ती म्हणते लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग खा. पुढे ती भोपळ्यात बसून परत येते आणि वाघ वाटेत बसलेलाच असतो. याहून चांगला रहस्यपट मला दाखव! पण ही गोष्ट आजी सांगते तेव्हा तिचा हात पोराच्या पाठीवर असतो. पोर जरा आक्रसलं की वाघ आपोआप म्हातारा होतो, लांबचा होतो, कधी झोपूनही जातो. पोर खिदळलं की तोच वाघ पुन्हा डरकाळी फोडतो. आणि शेवट काय, ते ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं, तरी तो रोज तीच गोष्ट मागतो. पडदा कुणाच्या तोंडाकडे बघून थांबत नाही. सासूबाईंना हे असंच सांग आणि त्या रात्री धाकट्याला भोपळ्याची गोष्ट त्यांनाच सांगायला लाव. चिडतील असं वाटत नाही.

कसं ओळखायचं, हा तुझा खरा प्रश्न. आधी आपण बघायचा, याला दुसरा उपाय नाही. तोही भाजी निवडता निवडता नाही, आणि वेग वाढवूनही नाही. रहस्यपटाची भीती त्याच्या संथपणात असते, ती दीडपट वेगात सांडून जाते. जिथे तुझाच श्वास अडकला तिथे एकदा आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा बघ. भीती निम्म्यानं उतरली तर ती संगीताची होती. मूल शेजारी असताना आवाज कमी केला की भागतं. आवाज बंद करूनही पोटात गोळा राहिला, तर ती गोष्टीतलीच आहे, तिला रिमोट पुरत नाही. मग एवढंच बघ, की भीती राहते कुठे? दूरच्या वाड्यात, जंगलात, की आपल्या घरासारख्या घरात? ज्याला इजा होते तो मुलाच्या वयाचा आहे का? त्याला कुणी मोठं माणूस वाचवतं का? आणि शेवटी सगळं जागेवर येतं की लोंबकळत राहतं? ओटीटीवर सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात वयाच्या आकड्याबरोबर हिंसा, भीती, शिवीगाळ असे शब्द येतात. आकड्यापेक्षा ते शब्द वाच. २०२१ च्या नियमांनी १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांसाठी कुलूपही दिलंय. मी ते घातलं होतं. आमच्या भाच्यानं आकडा चार मिनिटांत ओळखला, कारण मी माझं जन्मसाल ठेवलं होतं.

एखादा सिनेमा सीमेवरचा वाटला तर दिवसा दाखव, उजेडात, खिडक्या उघड्या ठेवून. आणि शेवट आधी सांगून टाक. मोठ्यांचा विरस होतो, मुलांचा होत नाही. ‘तो कुत्रा शेवटी सापडतो बरं का’ एवढं कळलं की पोर निवांत बसतं आणि कसा सापडतो ते बघतं.

आता नणंद. ग्रुपवर काही लिहू नकोस, तिथे अंगठ्यांची लढाई होईल. तिला फोन कर आणि सरळ सांग: ‘ताई, मे महिन्यात असं असं झालं होतं. रात्री त्याला घेऊन मलाच बसावं लागतं. दृश्यम आपण मोठे आणि थोरली पाडव्याच्या दुपारी बघू. भाऊबीजेला सगळ्या पोरांना चालेल असा दुसरा तुम्हीच निवडा.’ निवड तिच्याकडे गेली की तिचाही मान राहतो. ‘पदराखाली’ला उत्तर देऊ नकोस. तिच्या मुलाला काय दाखवायचं ते तिनं ठरवावं, त्यात तू पडू नकोस. अकराचा एखादा मुलगा हा सिनेमा झेपवू शकतो. फक्त त्यानं जेवताना शेवट रंगवून सांगू नये, इतकं बघ.

धाकट्याला मात्र ‘तू लहान आहेस, जा आत’ म्हणून हाकलू नकोस. आतेभावासमोर तर नाहीच. पाडव्याच्या दुपारी त्याला अंगणातल्या किल्ल्यावर नेमणूक दे. संध्याकाळी पणत्या लागायच्या आत तटबंदी पुरी झाली पाहिजे, हळीव उगवले नसतील तिथे भुसा टाकायचा, मावळे पहाऱ्याला उभे करायचे. यजमानांना त्याच्या हाताखाली द्यायला हरकत नाही. त्यांनी सिनेमा पाहिलेला आहे, आणि यूएचा अर्थ समजावून घ्यायला चिखल कालवण्याएवढी चांगली वेळ नाही.

एवढं करूनही तो दाराआडून डोकावलाच, तर रागावू नकोस. आणि ‘मुलगा असून घाबरतोस?’ हे घरातल्या कुणालाही म्हणू देऊ नकोस. त्या वाक्यानं भीती जात नाही, फक्त पुढच्या वेळी तो तुला बाथरूमबाहेर उभं राहायला सांगत नाही. काय पाहिलं ते त्यालाच सांगू दे. मधे दुरुस्त्या करू नकोस. दिवा लागतो तर लाव, विजेचं बिल त्यानं फार वाढत नाही. तीन-चार आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, शाळेत लक्ष नसेल, तर मग बालरोगतज्ज्ञांशी बोल. मे महिन्यासारखं आपोआप ओसरलं तर तेही ठीकच आहे.

किल्ल्याचा फोटो पाठव. तोफा कुठल्या बाजूला तोंड करून ठेवल्यात ते मला बघायचंय.

तुझी ताई